फेरफाराची वही कोणाकडे?

वडिलोपार्जित जमिनीचा विषय निघाला की ज्या घरात माणसे ताटावरून उठतात, त्या घराला सातबारा कसा वाचावा हे सांगावे लागत नाही. (आणि असा विषय नसलेले मराठी घर विरळाच.) आज जमीन कोणाच्या नावे आहे ते सातबाऱ्यावर दिसते. पण जाणता माणूस आधी नाव बघत नाही, बाजूचा फेरफार क्रमांक बघतो. जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव खाली येते आणि शेजारी फेरफाराचा आकडा पडतो. तो आकडा घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची वही, उघडली की कळते: अमुक तारखेला, अमक्याच्या निधनानंतर, तमक्याच्या अर्जावरून ही नोंद झाली. सातबारा ही आजची स्थिती, फेरफार ही ती स्थिती कशी आली याची हकिकत. भांडणे मिटतात ती दुसऱ्या वहीमुळे. पेटतात तीही बहुधा तिच्यामुळेच.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. घरच्या मंडळींना अजूनही वाटते की प्रोग्रॅम एकदा लिहिला की संपला, पुस्तक छापून झाल्यासारखा. प्रत्यक्षात तो शेतासारखा असतो, दर हंगामात हात लावावा लागतो. सरकारने कर बदलला, बँकेने व्याजदर बदलला, की कुठल्या तरी फायलीतल्या दोन ओळी बदलतात. दहा माणसे पाच वर्षे अशा ओळी बदलत राहिली की आज समोर असलेली ओळ तशी का आहे, हे त्या दहांपैकी एकालाही सांगता येत नाही. म्हणून या धंद्यातही फेरफाराची वही लागते. तिला आम्ही व्हर्जन कंट्रोल म्हणतो.

अशी पहिली नावाजलेली वही अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. १९८२ च्या आसपास वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएस सुरू केली आणि पुढची वीसेक वर्षे जगभरच्या कचेऱ्यांत तिचेच राज्य होते. २००० साली तिची सुधारलेली बहीण सबव्हर्जन निघाली. या दोघी बहिणींत एक गोष्ट समान होती. वही एकच, आणि ती सर्व्हर नावाच्या एका यंत्रात. प्रत्येकाने तिथून आजचा सातबारा आपल्या टेबलावर न्यायचा, बदल करायचा आणि परत जाऊन वहीत नोंद करायची. तलाठ्याचे दप्तरच म्हणा ना!

दप्तर एकाच ठिकाणी असले की काय होते, ते मुंबईला २६ जुलै २००५ रोजी कळले. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. साकीनाक्याजवळच्या गल्लीत, सहकारी बँकांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा काम करीत होते. सर्व्हरची खोली तळमजल्यावर, कारण वातानुकूलन यंत्र तिथेच बसवले होते. रोजची नक्कल ज्या टेपवर घेत, त्या टेपा त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर. रात्रभर आम्ही सतरा-अठरा जण पहिल्या मजल्यावर बिस्किटांवर बसून होतो आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना बघत होतो.

पाणी ओसरल्यावर प्रोग्रॅम वाचला, कारण वरच्या मजल्यावरच्या संगणकांत प्रत्येकाकडे आजची प्रत होती. ती जमवून आम्ही पंधरवड्यात काम सुरू केले. मालकांनी पेढे वाटले. पण वाचला होता फक्त सातबारा. साडेतीन वर्षांच्या फेरफारांची वही चिखलात गेली होती.

त्याची किंमत दोन महिन्यांनी कळली. एका बँकेच्या लेखापरीक्षकाला आवर्त ठेवींच्या व्याजात पैशांची तफावत आढळली. पन्नास पैशांच्या वरची रक्कम रुपयात धरायची, त्याऐवजी काही खात्यांत ती सोडून दिली जात होती. एका खात्यात काही पैसे, पण खाती हजारो. ही ओळ कोणी लिहिली, कधी, कोणाच्या सांगण्यावरून? संशय साताऱ्याकडून आलेल्या एका मुलावर गेला, कारण त्या फायलीवर शेवटचे काम त्याचे होते. ‘मी यायच्या आधीपासून ती ओळ तशीच होती,’ असे तो शांतपणे सांगत राहिला. बँकेला नाव हवे होते आणि वरिष्ठांना विषय संपवायचा होता. दिवाळीच्या आधी त्याने राजीनामा दिला. तो खरे बोलत होता असे मला तेव्हा वाटत होते, आजही वाटते. पण वाटण्याला नोंद म्हणत नाहीत.

योगायोग असा, की मुंबई बुडत होती त्याच तारखेला, २६ जुलै २००५ ला, जगाच्या दुसऱ्या टोकाला एका चार महिनेही न झालेल्या प्रकल्पाची सूत्रे लिनस टोरवाल्ड्स यांनी जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रॅमरकडे सोपवली. प्रकल्पाचे नाव गिट. हमानो आजही तो सांभाळतात. साकीनाक्याला जे झाले ते होऊच शकणार नाही, अशी रचना त्या गिटमध्ये होती.

टोरवाल्ड्स हे नाव वाचकांच्या कानावरून गेले असेल. १९९१ मध्ये हेलसिंकीला विद्यार्थी असताना त्यांनी लिनक्स सुरू केले. आज बहुतेक मोबाइल फोनांच्या पोटात तेच आहे. लिनक्सवर जगभरची माणसे काम करीत आणि आपले बदल टपालाने, म्हणजे ई-मेलने, पाठवीत. सीव्हीएस त्यांना बिलकूल आवडत नसे. २००२ मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची बिटकीपर ही प्रणाली घेतली. तिच्यात प्रत्येकाकडे पूर्ण वही असे. लिनक्सवाल्यांना ती फुकट होती, पण अटीवर: वापरणाऱ्याने तिची स्पर्धक प्रणाली लिहायची नाही. खुल्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा प्रकल्प बंदिस्त प्रणालीवर चालावा, हे अनेकांना खटकत होते. माझ्या मते त्यांचे खटकणे रास्त होते, पण टोरवाल्ड्स यांची अडचणही खरी होती. तेव्हा दुसरे धड काही नव्हतेच.

मग अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने बिटकीपरचा सर्व्हर कोणत्या भाषेत बोलतो याचा शोध घ्यायला सुरुवात केली. मॅकव्हॉय संतापले, एप्रिल २००५ मध्ये फुकटची सोय बंद झाली. त्याच महिन्यात कॅनबेराच्या एका परिषदेत ट्रिजेल यांनी आपली ‘गुप्त विद्या’ भर सभेत करून दाखवली. सर्व्हरला जोडणी केली आणि टाइप केले: हेल्प. सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी निमूटपणे पुढे ठेवली!

लिनक्सकडे आता वही नव्हती. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच लिहायला घेतले. ७ एप्रिलला गिटची पहिली नोंद गिटमध्येच झाली आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधारे बाहेर पडली. त्यांचा हट्ट वेगाचा होता. एक बदल लावायला तीस सेकंद लागत असतील आणि एका वेळी अडीचशे बदल आले असतील, तर दोन तासांहून अधिक वेळ नुसते बसायचे. एका बदलाला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागू नये, असे त्यांना वाटत होते. एप्रिलअखेर गिट सेकंदाला सहाहून अधिक बदल लावू लागले. नावाबद्दल म्हणाल, तर इंग्रजांच्या बोलीत ‘गिट’ म्हणजे नकोसा, हेकट माणूस. आपण सगळ्या प्रकल्पांना स्वतःचेच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असा विनोद टोरवाल्ड्स करीत.

आता या वहीतली गंमत. गिटमध्ये प्रकल्प ‘क्लोन’ केला की फक्त आजची प्रत येत नाही, पहिल्या दिवसापासूनची सगळी वही येते. दहा माणसे असतील तर दहा पूर्ण वह्या. एक बुडाली तर नऊ उरतात. नोंद करायला सर्व्हरची परवानगी लागत नाही, इंटरनेटही नाही. ज्या वर्षांत आमच्या गावाकडे रोज भारनियमन असे, तेव्हा हे किती मोलाचे होते ते अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत मी अनेक नोंदी केल्या आहेत. रत्नागिरीला नेटवर्क आले की त्या पुढे पाठवायच्या.

पण वह्या दहा झाल्या की खरी वही कोणती, हा प्रश्न आलाच. गिटचे उत्तर मला फार आवडते. फेरफाराला एक, दोन, तीन असे क्रमांक तिथे नसतात. नोंदीतला सगळा मजकूर, नाव, तारीख आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक, हे सारे एका गणिती यंत्रातून काढून चाळीस अक्षरांचा एक ठसा तयार होतो. तोच नोंदीचा क्रमांक. मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली, अगदी स्वल्पविराम जरी हलवला, तरी तिचा ठसा बदलतो. म्हणून तिच्या पुढचीचा बदलतो. असे करीत आजपर्यंतचे सगळे ठसे बदलतात आणि इतर नऊ वह्यांशी मेळ बसत नाही. (हे गणित अभेद्य नाही. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी २०१७ मध्ये दोन निराळ्या फायलींना एकच ठसा आणून दाखवला. त्यानंतर गिटने पहारा वाढवला आणि अधिक लांब ठशाची सोयही केली.)

वह्या ताडून पाहण्याचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण गिटच्या आधीचे आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सची मुख्य वही बिटकीपरमध्ये होती आणि तिची एक नक्कल सीव्हीएसमध्ये ठेवली जाई. कोणीतरी त्या नकलेच्या यंत्रात शिरून दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी होती: वापरणारा शून्य क्रमांकाचा, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, आहे का? पण त्या भाषेत ‘आहे का’ विचारायला बरोबरची दोन चिन्हे लागतात. तिथे एकच होते. एक चिन्ह म्हणजे प्रश्न नव्हे, हुकूम: याला सर्वाधिकारी कर. ज्याला ती खूण माहीत, त्याला लिनक्सच्या कुठल्याही यंत्राची किल्ली मिळाली असती. पकडले कसे? त्या ओळींचा अर्थ कोणाला आधी कळला नव्हता. नकलेतल्या या बदलाला मुख्य वहीत फेरफारच नाही, एवढे दिसले आणि शोध सुरू झाला. घुसडणारा कोण होता ते आजवर उघड झालेले नाही.

दहा माणसांनी दहा ठिकाणी बदल केले, तर ते एकत्र कसे आणायचे? इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण येते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे काम तिथे १९१९ मध्ये सुरू झाले, ते १९६६ पर्यंत चालले. वि. सी. सुखटणकरांसारख्या विद्वानांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवून ताडून पाहिली. काश्मीरची शारदा लिपीतली प्रत एक सांगते, केरळची मल्याळम् प्रत दुसरे. दोन्हींत फरक असेल तर मूळ कोणते आणि भर कोणती? हे ठरवायला दोन्ही प्रती जिच्यापासून फुटल्या ती आई-प्रत हवी. आणि ती तर काळाच्या पोटात गेलेली. म्हणून अर्धे शतक लागले. गिटमध्ये दोन शाखा कुठून फुटल्या ती नोंद वहीतच असते. यंत्र आई-प्रत उघडते, या शाखेने काय बदलले आणि त्या शाखेने काय बदलले ते वेगवेगळे बघते. दोघांनी निराळ्या ओळींना हात लावला असेल तर दोन्ही बदल घेते. दोघांनी एकच ओळ बदलली असेल, तर मात्र थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवून म्हणते, तुम्ही ठरवा. हा शहाणपणा माणसांतही दुर्मीळ आहे.

गेली काही वर्षे मी अभियांत्रिकीच्या मुलांना हे शिकवते. मुलांचा पहिला गोंधळ शब्दांचा. गिट आणि गिटहब एकच, असे निम्म्या वर्गाला वाटते. गिट ही वही. गिटहब हे २००८ साली सुरू झालेले वह्या ठेवण्याचे एक संकेतस्थळ. ते २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतले. गंमत अशी की वही सर्वांकडे असावी म्हणून जी रचना झाली, तिच्या बहुतेक वह्या लोकांनी पुन्हा एकाच दप्तरात नेऊन ठेवल्या! सोय आहे, नाकारत नाही. पण मुलांना मी सांगते, घरच्या संगणकातली प्रत पुसू नका.

दुसरा गोंधळ अधिक महाग पडतो. पोरे प्रोग्रॅममध्ये पासवर्ड लिहितात, तो गिटहबवर जातो, मग लक्षात येते आणि दुसऱ्या नोंदीत ती ओळ काढून टाकतात. सातबाऱ्यावरून गेली, फेरफारात आहेच. वही कोणालाही मागे चाळता येते आणि असे पासवर्ड शोधत फिरणारे प्रोग्रॅम जगात अहोरात्र चालू असतात. अशा वेळी ओळ खोडत बसू नये, आधी पासवर्ड बदलावा.

नोकरीच्या मुलाखतीत हल्ली ‘गिटहबवर काय आहे?’ असे विचारतात. तिथे ज्या दिवशी काम झाले त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो, म्हणून रोज एक स्वल्पविराम हलवून हिरवळ पिकवणारे महाभागही मी पाहिले आहेत. पालकांनी चौकोन मोजू नयेत, नोंदी वाचाव्यात. ‘बदल केला’, ‘दुरुस्ती’, ‘पुन्हा दुरुस्ती’ अशा नोंदी करणाऱ्या मुलाला काम येत असेलही, सांगता येत नाही. काय बदलले ते यंत्र दाखवतेच. का बदलले, ते लिहायचे असते. ‘बँकेच्या अमुक तारखेच्या पत्रानुसार पैसे पूर्णांकात धरले’ एवढे एक वाक्य माझ्या त्या सहकाऱ्याला पुरले असते.

प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी गिटची आज्ञा आहे, तिचे नाव ‘ब्लेम’. दोष! सबव्हर्जनमध्ये त्याच कामाला ‘प्रेझ’, म्हणजे कौतुक, असाही शब्द चालतो. कोणता वापरायचा ते ज्याच्या त्याच्या मनःस्थितीवर. मात्र एक सावधगिरी हवी. गिटमध्ये नाव आपण सांगू ते लागते. मी ठरवले तर माझ्या नोंदीवर टोरवाल्ड्स यांचे नाव घालू शकते. खात्री हवी असेल तर नोंदीवर वेगळी डिजिटल सही करावी लागते, आणि ती करणारी कार्यालये मला थोडीच भेटली. जिथे पैशांचे हिशेब चालतात तिथे ती सक्तीची हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ‘ब्लेम’ शेवटचा हात दाखवते, पहिला नाही. कोणी नुसती ओळ सरळ केली तरी त्याचेच नाव येते. पहिल्या हातापर्यंत जायला वही मागे चाळावी लागते आणि ती वही समोर असावी लागते.

प्रोग्रॅम लिहीत नाही त्याला याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. ओळीओळींतले बदल दाखवायला गिटला फाइल साध्या मजकुराची लागते, एवढेच; ती कशाची आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. जर्मनीत काही नागरिकांनी २०१२ मध्ये देशाचे संघीय कायदे गिटमध्ये घातले, म्हणजे कलमात कधी काय बदलले ते कोणालाही बघता यावे. आमच्या घरी माझ्या भाचीने आजीची पाककृतींची वही टाइप करून अशीच ठेवली आहे, एका ओळीत एक जिन्नस. तीन बहिणींच्या घरी तीन पूर्ण प्रती आहेत. आम्ही बदल तोंडी सांगतो, भाची नोंद करते, आणि ‘का’ लिहिल्याशिवाय ती नोंद घेत नाही. धाकटीच्या थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी वाढली, तिथे ‘नवऱ्याची साखर’ असे कारण आहे. माझ्या साबुदाणा वड्यातला बटाटा कमी झाला, तो का, ते मी सांगणार नाही, वहीत आहे.

या दिवाळीला भाचीने तिन्ही शाखा एकत्र करायला घेतल्या. भाजणी, वडे, चकल्या सगळे निमूट मिसळले. आमटीपाशी गिट थांबले. थोरलीच्या ओळीत गुळाचा खडा सुपारीएवढा, कोल्हापुरात दिलेल्या धाकटीच्या ओळीत गूळ काढून कांदा-लसूण मसाला एक चमचा, आणि आईच्या मूळ ओळीत नुसते ‘चवीपुरता गूळ’. भाचीने संगणक तिघींच्या मध्ये ठेवला. तासभर चर्चा झाली, त्यात तीस वर्षांपूर्वीचे एक मंगळागौरीचे जेवणही निघाले. अखेर तिने ती ओळ तशीच सोडली आणि आमटीपुरत्या दोन शाखा वेगळ्या ठेवल्या. आईच्या ओळीला मात्र कोणी हात लावलेला नाही.